‘पुढील आदेशापर्यंत’ : भाचीच्या प्रश्नाला वकील मामाचं लांबलचक उत्तर

भाची लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री तिचा मेसेज आला, मामा, जर्मनीत निवडणुका होत्या, पार्लमेंट होतं, कोर्टं होती, घटना तर आमचे सर म्हणतात त्या काळातली चांगल्यातली होती, मग चौदा वर्षांत सगळं हिटलरच्या घशात गेलं कसं? लोकांनीच मतं दिली ना, मग दोष लोकांचाच ना? आणि खाली एक खोचक, तुम्ही तिथं वकील असता तर काय केलं असतं? उत्तर टाइप करत बसलो तर लई लांबलं, म्हणून सगळ्यांसाठीच टाकतोय.

हे बघ, मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. बत्तीस वर्षं झाली कोल्हापुरात दिवाणी आणि सहकाराच्या केसेस चालवतोय, त्यामुळं कुठलाही कागद हातात आला की माझी नजर आधी दोन ठिकाणी जाते, मुदत कधीपर्यंत आणि खाली सही कुणाची. जर्मनीचं ते प्रकरण मी हौसेनं पंधरा-वीस वर्षं वाचतोय आणि तेही असंच, पक्षकाराची फाईल चाळावी तसं. रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या, खून पडले, सगळं खरं, पण सत्ता जी हातातून गेली ती कागदांनी गेली, एकेक तात्पुरता कागद, आणि तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत हे विचारायचं बहुतेकांनी सोडून दिलं होतं.

आधी तुझा मतांचा मुद्दा. १९२८ ला नाझी पक्षाला २.६ टक्के मतं आणि १२ खासदार. आपल्याकडं एवढ्या मतांत डिपॉझिट जातं. मग मंदी आली, १९३० ला १०७ खासदार झाले, जुलै १९३२ ला ३७ टक्के मतं आणि २३० खासदार, सगळ्यात मोठा पक्ष. पण मोकळ्या निवडणुकीतली ती त्यांची कमाल, ५० टक्के कधीच नाही. चारच महिन्यांनी परत निवडणूक झाली तर ३३ वर आले, खासदार १९६. त्याच वर्षी हिटलर राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष, ऐंशी पार केलेल्या हिंडेनबुर्गकडून पडला, ५३ टक्के विरुद्ध ३७ च्या आसपास. म्हणजे त्याला खुर्ची मिळाली तेव्हा त्याची गाडी उताराला लागलेली होती. मतं देणारे दोषी आहेतच, मी त्यांना सोडत नाही, पण खुर्ची मतपेटीतून निघालेली नाही एवढं पक्कं डोक्यात ठेव.

आता लोक एवढे का चिडले होते, तर त्याला दोन दणके. पहिला १९२३ चा. त्या नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क असा भाव होता, आकडा वाचून हसू येतं पण ज्यानं आयुष्यभर ठेव ठेवली, पेन्शनवर भरवसा ठेवला तो माणूस धुऊन निघाला. पतसंस्था बुडाल्यावर गेटासमोर पासबुक घेऊन उभी राहिलेली म्हातारी माणसं तू बघितली नाहीस, मी बघितलीयत, त्यांना चेअरमन कोण होता यात रस नसतो, त्यांचा ‘संस्था’ या शब्दावरचाच विश्वास उडालेला असतो. दुसरा दणका १९२९ नंतरचा, १९३२ पर्यंत साठ लाखांच्या घरात बेकार.

आणि अशात मार्च १९३० ला पाच पक्षांचं आघाडी सरकार पडलं कशावरून, तर बेकारी विम्याचा हप्ता साडेतीन टक्क्यांवरून चार करायचा का नाही यावरून. अर्धा टक्का! आपल्याकडं दूधदरात पन्नास पैशांवरून रस्ता रोको होतो तसलाच प्रकार, फक्त इथं टँकर अडतो, तिथं लोकशाही अडली ती सुटलीच नाही. त्यानंतर त्या घटनेखाली पार्लमेंटच्या बहुमतावर उभं असलेलं सरकार परत आलं नाही.

मग कारभार चालवायचा कसा? घटनेत कलम ४८ होतं. सुव्यवस्था धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षानं वटहुकूम काढावा, आणि पार्लमेंटनं सांगितलं तर मागं घ्यावा. कलम वाईट नव्हतं, १९२३ च्या गोंधळात तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष एबर्टनं तेच वापरून देश सावरला होता. पण जुलै १९३० ला काय झालं बघ, नवा पंतप्रधान ब्रुनिंगच्या सरकारनं बजेटच वटहुकमानं काढलं, पार्लमेंटनं घटनेप्रमाणं ते रद्द केलं, तर हिंडेनबुर्गनं पार्लमेंटच बरखास्त केलं आणि तोच वटहुकूम परत काढला. कोर्टानं स्टे दिला म्हणून कोर्टालाच कुलूप लावल्यासारखं झालं की हे. आणि ज्या निवडणुकीत नाझी बारावरून एकशेसातवर गेले ती याच बरखास्तीची निवडणूक. पुढं सवयच लागली. १९३२ च्या अख्ख्या वर्षात पार्लमेंटनं केले पाच कायदे, वटहुकूम साठाच्या घरात. म्हणजे हिटलर यायच्या आधी तीन वर्षं लोकांना पार्लमेंटशिवाय चालतं हे दिसलेलं होतं. बंद पडलेली विहीर गावाला आठवत नाही तसं.

३० जानेवारी १९३३. पापेन नावाचा माजी पंतप्रधान आणि त्याच्याभोवतीची बडी मंडळी, यांनी म्हाताऱ्या हिंडेनबुर्गला पटवलं की हिटलरला पंतप्रधान करू, मंत्रिमंडळात आपली माणसं जास्त ठेवू, दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात असा दाबू की किंचाळेल. मंत्रिमंडळात नाझी खरंच तीनच होते, हिटलर धरून. पण खाती बघ ना! एकाला देशाचं गृहखातं, आणि दुसऱ्याला, गोअरिंगला, प्रशियाचं गृहखातं, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या राज्याचे पोलीस. आमच्याकडं संचालक मंडळात बहुमत कुणाचं याच्यापेक्षा चेकवर सही कुणाची हे आधी बघतात, ते त्या शहाण्यांना कळलं नाही.

चार आठवड्यांत, २७ फेब्रुवारीच्या रात्री पार्लमेंटची इमारत जळाली. आत एक डच पोरगा सापडला, फान डेर लुबं नावाचा. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला, कलम ४८ खालीच, सही हिंडेनबुर्गची. तो तू मुळातून वाच, एका पानाचा आहे. मूलभूत हक्कांची सात कलमं स्थगित, व्यक्तिस्वातंत्र्य, घराची झडती, पत्रांची गुप्तता, बोलणं, जमणं, संघटना, मालमत्ता सगळं त्यात आलं. आणि मुदत? ‘पुढील आदेशापर्यंत’. बास. तो पुढचा आदेश आलाच नाही, १९४५ ला रशियन बर्लिनमध्ये घुसेपर्यंत तो वटहुकूम चालू होता. बारा वर्षं तात्पुरता!

अटक केलेल्याला किती दिवसांत कोर्टापुढं उभं करायचं याबद्दल त्यात अक्षर नाही. म्हणून पोलिसांनी ‘संरक्षक कोठडी’ ही भानगड वाढवली, म्हणजे तुझ्याच संरक्षणासाठी तुला आत टाकतोय. आरोप नको, तारीख नको, जामीन नको. २२ मार्चला म्युनिकजवळ डाखाउची छावणी सुरू झाली ती असल्याच कैद्यांसाठी.

आता आपल्या व्यवसायातला माणूस सांगतो. हान्स लिटन, बर्लिनचा तरुण वकील. नाझी गुंडांनी एका डान्स हॉलमध्ये हल्ला केला त्या केसमध्ये यानं १९३१ ला हिटलरला साक्षीदार म्हणून बोलावला आणि जवळजवळ तीन तास उलटतपासणी घेतली, तुमचा पक्ष कायदेशीर मार्गानं चालतो म्हणता तर मग हे लिखाण कुणाचं, असं एकेक पुढं टाकत. हिटलर भर कोर्टात लालबुंद झाला होता म्हणतात. आग लागली त्या रात्रीच लिटनला उचलला. पाच वर्षं या छावणीतून त्या छावणीत, मार खाऊन खाऊन, शेवटी फेब्रुवारी १९३८ ला डाखाउमध्ये गेला. चौतीस वर्षांचा होता.

मग २३ मार्च. हा दिवस मला कोल्हापूरच्या माणसाला शिकवायला लागत नाही, कारण आपण वार्षिक सर्वसाधारण सभा बघितलेल्या आहेत. सरकारला पार्लमेंटशिवाय कायदे करता यावेत, अगदी घटनेला सोडून असले तरी, असा कायदा आणला. लागणार होतं दोन तृतीयांश. सभा एका ऑपेरा थिएटरात. कम्युनिस्टांचे ८१ निवडून आलेले, एकालाही आत येऊ दिलं नाही. समाजवाद्यांचे १२० पैकी २६ तुरुंगात नाहीतर पळालेले. कोरमची अडचण नको म्हणून सभापती असलेल्या गोअरिंगनं आधी सभेचा नियमच बदलून घेतला, विनापरवानगी गैरहजर असेल त्याला हजर धरायचं. आत्ता बोला! दोन्ही बाजूंनी खाकी शर्टातली पोरं उभी. समाजवाद्यांचा नेता ओटो वेल्स एकटा विरोधात बोलला. ४४४ विरुद्ध ९४, मंजूर मंजूर.

यातला माझ्या डोक्यातून न जाणारा भाग म्हणजे सेंटर पार्टी, कॅथलिकांचा पक्ष. त्यांच्या मतांशिवाय जमणार नव्हतं. त्यांचा नेता काआस, स्वतः धर्मगुरू, कायद्याचा जाणकार. त्यानं हिटलरकडून तोंडी आश्वासनं घेतली आणि म्हणाला लेखी द्या. हिटलर म्हणाला देतो. मतदानाची वेळ आली तरी पत्र नाही. विचारलं तर निघालंय, येतंय. यांनी मत देऊन टाकलं. पत्र कधीच आलं नाही. बत्तीस वर्षांत मी पक्षकारांना कितीदा सांगितलं असेल, पावती हातात पडल्याशिवाय सही करू नका.

आणि आता मला माझं सांगायलाच लागेल. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या, नाव घेत नाही, पॅनेलवर मी वकील होतो. वार्षिक सभा, मांडव, पुढच्या रांगा सकाळी आठलाच चेअरमनच्या पोरांनी भरलेल्या. विषयपत्रिकेवरचे अकरा विषय सात-आठ मिनिटांत, मंजूर मंजूर. मागून एक धोतरवाले म्हातारे सभासद अहवालाची गुंडाळी हातात धरून माईक मागत होते, ठेवींच्या आकड्याबद्दल काहीतरी होतं त्यांचं, माईक मिळाला तेव्हा आवाज बंद केलेला. शेवटी ‘ऐनवेळचे विषय’, त्यात जमीन खरेदीचे सर्व अधिकार चेअरमनना, पुढील ठराव होईपर्यंत. ठरावाचा मसुदा माझा. मुदत घालायला पाहिजे हे मला तेव्हाही कळत होतं, मी फोनवर तसं म्हणालोही, चेअरमन म्हणाले वकीलसाहेब नंतर बघू की, आणि मी फी घेतली. चार-पाच वर्षांत संस्थेवर प्रशासक आला, ठेवी अडकल्या. हिटलर आणि आमचा चेअरमन यांची तुलना करतोय असं समजू नकोस, तुलना काआसची आणि माझी आहे.

बरं, २३ मार्चच्या त्या कायद्याला मुदत होती बरं का, चार वर्षांची. १९३७ ला वाढवली, १९३९ ला वाढवली, १९४३ ला हिटलरनं स्वतःच्याच हुकमानं वाढवली. जुलै १९३३ पर्यंत बाकीचे पक्ष संपले, सेंटर पार्टीसुद्धा. तो डच पोरगा, त्यानं आग लावली तेव्हा त्या गुन्ह्याला फाशी नव्हतीच, महिन्यानं कायदा करून मागच्या तारखेपासून लागू केला आणि त्याचं डोकं उडवलं. त्याच केसमधले बाकीचे चौघे आरोपी सुटले तर कोर्टावर राग धरून वेगळं ‘जनता न्यायालय’ काढलं. जून १९३४ ला हिटलरनं स्वतःच्याच पक्षातले आणि बाहेरचे निदान ८५ लोक मारले आणि तीन दिवसांनी एका वाक्याचा कायदा, जे केलं ते कायदेशीर होतं. एक वाक्य! आणि मोठमोठ्या कायदेपंडितांनी त्याच्या समर्थनार्थ लेख लिहिले.

आता छळाचं. ज्यू लोक होते पाच लाखांच्या आसपास, लोकसंख्येच्या एक टक्क्यापेक्षा कमी. १० मार्च १९३३ ला म्युनिकमध्ये मिखाएल झीगल नावाचा ज्यू वकील आपल्या पक्षकाराला अटक झाली म्हणून तक्रार द्यायला पोलीस मुख्यालयात गेला. आपण जातो तसंच, कोट घालून, फाईल घेऊन. तिथं त्याला मारला, पँट गुडघ्यावर कापली, अनवाणी केला आणि गळ्यात पाटी अडकवून भर रस्त्यातून फिरवला, पोलिसांकडं पुन्हा तक्रार करणार नाही अशा अर्थाची. त्याचा फोटो आहे. फोटोत मला पाटीपेक्षा बाजूनं चाललेली माणसं दिसतात. हा माणूस वाचला, १९४० ला पेरू देशात गेला. पण महिन्याभरात ज्यूंना सरकारी नोकरीतून काढायचा कायदा आला, त्याच दिवशी वकिलांचाही, पहिल्या महायुद्धात लढलेल्यांसारखे काही सवलतीत ठेवले, म्हणजे बार असोसिएशनला वाटावं की वाजवी आहे. १९३८ ला ती सवलतही काढली.

ज्यू कोण हे ठरवायचं कसं? १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनंतर ठरलं, चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू असतील तर तू ज्यू. मग प्रत्येकाला आजी-आजोबांचे कागद काढायला लागले, चर्चमधले बाप्तिस्म्याचे दाखले, जन्म-विवाहाचे उतारे. आपल्याकडं वंशावळ जोडायची म्हणून माणसं पणजोबाची शाळेची नोंद शोधत फिरतात, शाहू महाराजांनी १९०२ ला ५० टक्के जागा राखीव केल्या तेव्हापासून हा दाखला माणसाला दार उघडायला लागतोय. तिथं अगदी त्याच जातीचा कागद, तोच शिक्का, तोच रजिस्टर उघडून बसलेला क्लार्क, आणि काम मात्र दार लावायचं. त्या क्लार्कनं कुणाला चापटसुद्धा मारली नाही. त्यानं उतारा दिला, फी घेतली, पुढचा नंबर.

१९३८ ला पासपोर्टवर लाल अक्षर, नावात सक्तीनं ‘इस्राएल’ किंवा ‘सारा’. नोव्हेंबरच्या त्या रात्री सिनेगॉग जाळले, दुकानं फोडली, तीस हजारांच्या आसपास पुरुष छावण्यांत नेले, आणि नुकसानभरपाई म्हणून दंड बसवला एक अब्ज मार्क, कुणाला तर ज्यूंनाच! विम्याचे पैसेही सरकारनं घेतले. १९४१ पासून पूर्वेकडं रवानगी सुरू झाली तेव्हा जायच्या आधी प्रत्येकाला सोळा पानी फॉर्म भरायला लागायचा, घरात टेबलं किती, चादरी किती. मग बेलिफ यायचा. हो, कोर्टाचा बेलिफ, जमा केलेल्या ठिकाणी जाऊन हातात जप्तीची नोटीस बजावायचा. मरायला चाललेल्या माणसाला रीतसर बजावणी! मी आयुष्यात हजारो बजावण्या करून घेतल्या असतील, हे वाचलं त्या दिवशी दुपारी जेवण गेलं नाही. साठ लाख माणसं मारली गेली युरोपभर, आणि मागं राहिलेली भांडीकुंडी लिलावात विकली, शेजाऱ्यांनी घेतली.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटत असेल तर तू गांधीनगरला कापड घ्यायला जातेस ना, सिंधी निर्वासित तिथं यायच्या आधी तिथं वळिवड्याची छावणी होती. १९४३ ते ४८, जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. त्यांना हिटलरनं नव्हे, दुसऱ्या हुकूमशहानं, स्टालिननं घरातून उचलून सायबेरियात टाकलं होतं. गुन्हा काय, तर नवरा पोलिश सैन्यात अधिकारी, नाहीतर बाप जमीनदार. आपल्या महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, कधीतरी भेळ खायच्या आधी बघ.

आपल्याकडचं म्हणशील तर १९७५ ची आणीबाणी, २१ महिने. तिथंही सही आधी झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवलं. सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक निकाल दिला की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं काय केलं ते परीक्षेसाठी नव्हे, नीट समजून वाच. मंत्रिमंडळाचा सल्ला लेखीच पाहिजे, संसदेची मंजुरी एका महिन्यात, आणि दर सहा महिन्यांनी परत. कलम २० आणि २१ काही झालं तरी स्थगित करता येणार नाहीत. मुदत, सही, लेखी. कुणीतरी काआसची चूक वाचून बसलं होतं असं वाटतं मला ती दुरुस्ती वाचताना.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. ब्रांडेनबुर्गला लोथार क्रायसिग नावाचा जज होता, पालकत्वाच्या केसेस बघायचा, मनोरुग्णांचे पालक नेमणं वगैरे, आपल्याकडं कुणी मागून घेणार नाही असं काम. १९४० मध्ये त्याच्या लक्षात आलं की आपल्या फाईलमधली माणसं भराभर मरतायत. सरकार आजारी लोकांना गॅसनं मारत होतं, सत्तर हजारांवर मारले पहिल्या दीड-दोन वर्षांत. यानं न्यायमंत्र्याला पत्र लिहिलं, खुनाची फिर्याद दिली, आणि दवाखान्यांना लेखी कळवलं की माझ्या परवानगीशिवाय माझ्या फाईलमधला माणूस हलवायचा नाही. मंत्र्यानं त्याला बोलावून हिटलरचं पत्र दाखवलं, खासगी लेटरहेडवर, मागची तारीख टाकलेलं. क्रायसिग म्हणाला, हा कायदा होत नाही. मग त्याला घरी बसवला. फाशी नाही, छावणी नाही, पेन्शन दिली, शेती करत राहिला आणि १९८६ पर्यंत जगला. त्या अख्ख्या देशात या कामी असा लेखी उभा राहिलेला जज तेवढा एक.

मी काय केलं असतं? क्रायसिगसारखं, असं म्हणायला जीभ उचलत नाही गं. त्या सभेतल्या म्हाताऱ्यांना मी माईक तरी द्यायला सांगू शकलो असतो, चेअरमनच्या शेजारीच बसलेलो होतो. नंतर ते माझ्याच ऑफिसला आले, प्रोसिडिंगची नक्कल कशी मागायची विचारायला. अर्ज मी लिहून दिला, पैसे घेतले नाहीत.

रविवारी आईला घेऊन ये, मटण आहे. कलम ४८ चा वटहुकूम इंग्रजीतून छापून ठेवलाय, घेऊन जा.